दगडाचा डोंगर, वाळूचे पाणी



भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द नावाचे गाव आहे. तेथे वैनगंगेवर बांधलेले धरण ११ किलोमीटरहून अधिक लांब आहे. धरणावर उभे राहिले की एका अंगाला नजर पुरणार नाही एवढे पाणी दिसते. दुसऱ्या अंगाला नदीचे पात्र, धानाच्या बांध्या आणि जंगलाची निळसर रेघ दिसते. आता तुम्हांला एक प्रश्न विचारतो. हे सगळे, म्हणजे नदी, जलाशय, शेते, रान आणि आकाशाला टेकलेली ती निळी रेघसुद्धा, तुमच्या शाळेच्या अंगणात बसवून दाखवा असे कोणी सांगितले, तर तुम्ही काय कराल?

“अशक्य!” असे तुम्ही म्हणाल. पण जपानमधील बागा रचणारे कारागीर हजार वर्षांहून अधिक काळ नेमके हेच करीत आले आहेत. त्यांच्या बागेत हातभर दगड डोंगर होतो, पांढरी खडी समुद्र होते आणि चार पावलांचे डबके सरोवर होते. याला आपण ‘प्रतीक’ म्हणतो. परंतु प्रतीक म्हणजे नुसती मानलेली गोष्ट नव्हे. पाहणाऱ्याला ती पटावी लागते. ती का पटते, याचे उत्तर बरेचसे तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. ते उत्तर आज आपण शोधू या.

पुण्यातील जपान

अशी बाग पाहायला जपानलाच जावे लागते असे नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ‘पु. ल. देशपांडे उद्यान’ आहे. त्याचे दुसरे नाव ‘पुणे–ओकायामा मैत्री उद्यान’. पु. लं.नी आपल्या ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनात जपानविषयी लिहिले आहे, तेव्हा जपानी पद्धतीच्या बागेला त्यांचे नाव शोभून दिसते. सुमारे १० एकरांची ही बाग जपानमधील ओकायामा शहरातल्या ‘कोराकुएन’ या बागेवरून रचली आहे.

मूळची कोराकुएन आसाही नदीच्या काठी, ओकायामाच्या किल्ल्यासमोर आहे. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली ती बांधायला काढली आणि १७०० साली ती पुरी झाली. हे काम त्याचा कारभारी त्सुदा नागातादा याच्या देखरेखीखाली झाले. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याची पुन्हा गाठ घ्यायची आहे. बागेचे क्षेत्रफळ सुमारे १,३३,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३३ एकर आहे. पुण्याची बाग तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, तरीही तीत फिरताना जागा संपली असे चटकन वाटत नाही. हे कसे साधले असेल?

सरळ रेघ आणि वाकडी वाट

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तेथील बाग ‘चारबाग’ पद्धतीची आहे. मधोमध सरळ पाण्याचा पाट, त्याच्या दोन्ही अंगांस सारखेच वाफे. बागेच्या मधल्या रेघेवर आरसा उभा धरला तर डावी बाजू उजवीसारखीच दिसेल. अशी बाग दारातून एका नजरेत कळते, आणि तशी कळावी हाच तिच्या रचनेचा हेतू असतो.

जपानी बाग याच्या अगदी उलट असते. तीत दोन बाजू सारख्या नसतात आणि सगळे एका जागेवरून दिसत नाही. दगड सहसा विषम संख्येने, तिनाच्या किंवा पाचाच्या गटांत मांडतात. अकराव्या शतकात लिहिलेला ‘साकुतेइकी’ हा बाग रचण्यावरील जगातल्या फार जुन्या ग्रंथांपैकी एक आहे. त्यात अर्ध्याहून अधिक लक्ष दगड कसे बसवावेत आणि पाणी कसे खेळवावे याकडे आहे. एक मुख्य दगड बसवावा आणि मग बाकीचे दगड त्याच्या कलाने बसवीत जावेत, असा त्याचा रोख आहे.

दगडांना अर्थही ठरलेले आहेत. तळ्यातील एक बेट कासवाचे असते, दुसरे करकोच्याचे. दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हे होत. मध्ये एक उंच दगड आणि दोन बाजूंस दोन बुटके दगड असले तर ते बुद्ध आणि त्याचे दोन सोबती. धबधब्याच्या पायथ्याशी तिरपा बसवलेला दगड म्हणजे प्रवाहाविरुद्ध उडी घेणारा मासा. तो वर पोचला तर त्याचा ड्रॅगन होतो, अशी चिनी कथा आहे. म्हणजे तो दगड चिकाटीचे चिन्ह झाला. यातले एक चिन्ह तर आपल्याच घरचे आहे. ‘निहोन शोकी’ या जपानी इतिहासग्रंथात इसवी सन ६१२ची नोंद आहे. कोरियातून आलेल्या एका कारागिराने राजवाड्याच्या अंगणात ‘शुमि’ पर्वताची प्रतिकृती उभी केली. हा शुमि म्हणजे आपला सुमेरू! बौद्ध धर्माबरोबर तो भारतातून चीन आणि कोरियामार्गे जपानी अंगणात जाऊन पोचला.

आता मुख्य प्रश्न. अंगणातला दगड मेरुपर्वतासारखा वाटावा कसा?

दगडाचा डोंगर कसा होतो?

एक सोपा प्रयोग करा. पौर्णिमेच्या रात्री हात लांब करून एक पेन्सिल उभी धरा आणि एक डोळा मिटून चंद्राकडे पाहा. पाऊण सेंटिमीटर जाडीची पेन्सिल साडेतीन हजार किलोमीटर व्यासाच्या चंद्राला झाकून टाकते. का? कारण आपल्या डोळ्याला वस्तूची खरी उंची कळत नाही. त्याला कळतो तो वस्तूने डोळ्याशी केलेला कोन. त्याला आपण दृक्कोन म्हणू. लहान कोनांसाठी वस्तूची उंची भागिले अंतर हे गुणोत्तर त्या कोनाचे माप म्हणून पुरते.

कोराकुएनच्या मध्यभागी ‘युइशिन्झान’ नावाची सुमारे ६ मीटर उंचीची कृत्रिम टेकडी आहे. ती ६० मीटरांवरून पाहिली तर गुणोत्तर येते ६ : ६०, म्हणजे १ : १०. आता ३०० मीटर उंचीचा खरा डोंगर ३ किलोमीटरांवरून पाहा. गुणोत्तर पुन्हा १ : १०! डोळ्याच्या पडद्यावर दोघांची प्रतिमा सारख्याच उंचीची पडते.

मग आपण टेकडीला डोंगर समजून फसत का नाही? कारण मेंदू केवळ कोनावर विसंबून राहत नाही. अंतर ओळखायला त्याच्याजवळ आणखी खुणा असतात. पहिली खूण ओळखीच्या वस्तूंची. टेकडीवर माणूस चढला की तिची उंची उघडी पडते. दुसरी खूण पोताची. जवळच्या झाडाची पाने वेगवेगळी दिसतात, दूरचे रान मात्र एकसंध हिरवे दिसते. तिसरी खूण निळसरपणाची. मधल्या हवेतून विखुरलेला निळा प्रकाश दूरच्या डोंगरावर पातळ पडद्यासारखा पसरतो. चौथी खूण हालचालीची. एस.टी.च्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब सर्रकन मागे जातात आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबर चालतो, हे तुम्ही पाहिले आहेच.

जपानी माळी या खुणाच आपल्या ताब्यात घेतो. पुढे मोठ्या पानांची, ठळक पोताची झाडे लावतो आणि मागे बारीक पानांची. मागची झाडे कातरून बुटकी आणि गोलसर ठेवतो. दगडाच्या पायथ्याशी शेवाळ वाढवतो, त्याचा बारीक पोत दूरच्या रानासारखा दिसतो. पाहणाऱ्याने ओसरीवर बसूनच पाहावे अशी योजना करतो, म्हणजे हालचालीची खूणही बरीचशी बाद होते. अशा रीतीने अंतर सांगणारी एकेक खूण काढून घेतली की दृक्कोन तेवढा उरतो, आणि दगडाचा डोंगर होतो.

दिवाळीत तुम्ही अंगणात मातीचा किल्ला करता ना? त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवणे ही कल्पना अगदी जपानी माळ्याला शोभणारी आहे. बारीक पानांमुळे ते गवत दूरच्या झाडीसारखे दिसते. पण मग आपण बाजारातून आणलेला मावळा तटावर उभा करतो. तो बुरुजापेक्षाही उंच असतो, आणि एका क्षणात गडाचे ढेकूळ होते! पुढच्या दिवाळीत मावळ्यांशिवाय किल्ला करा, जमिनीलगत डोळा नेऊन पाहा, आणि दोन्हींतला फरक वहीत नोंदवा.

पंधरातले चौदा

क्योटो शहरात ‘र्‍योआन्जी’ नावाचे मंदिर आहे. तेथील बागेत पाण्याचा थेंब नाही आणि झाडही नाही. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकात पांढरी खडी पसरलेली आहे आणि तीत १५ दगड पाच गटांत मांडलेले आहेत. दगडांभोवती थोडेसे शेवाळ आहे, बाकी काही नाही. लाकडी दाताळ्याने खडीवर रेघा ओढतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात या रेघांच्या एका उतारावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली पडते, आणि कोरडी खडी लाटांसारखी हलते आहे असा भास होतो.

या बागेची गंमत अशी की समोरच्या ओसरीवर कोठेही बसा, पंधरापैकी निदान एक दगड तरी दुसऱ्याच्या आड राहतोच. यात जादू काही नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो. डोळा, पुढचा दगड आणि मागचा दगड एका रेषेत आले की मागचा दगड लपतो. आपण दोन पावले सरकलो की तो दिसू लागतो, पण तोवर दुसरा एखादा लपतो. म्हणून या बागेकडे पाहून लोक म्हणतात की माणसाला एका जागेवरून सगळे सत्य दिसत नाही. रचणाऱ्याने मात्र आपला हेतू लिहून ठेवलेला नाही.

दगडांइतकीच मधली मोकळी जागाही महत्त्वाची आहे. क्योटो विद्यापीठातील गर्ट व्हान टोंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोकळ्या जागेचा गणिती अभ्यास करून तो २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. भोवतालच्या दगडांपासून सारख्या अंतरावर असणारे बिंदू जोडत गेले तर ज्या रेषा मिळतात त्यांची आकृती फांद्या फुटलेल्या झाडासारखी येते, आणि त्या झाडाचे खोड पाहणाऱ्याच्या बसण्याच्या मुख्य जागेकडे येते, असे त्यांना आढळले. दगडांचे गट संगणकावर इकडेतिकडे हलवून पाहिले तेव्हा ही आकृती मोडली.

हा प्रयोग वर्गात करता येईल. एका मोठ्या परातीत वाळू पसरा. नदीची गोल कणांची कोरडी वाळू मात्र रेघ धरीत नाही. तिचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा अधिक उभा राहत नाही, कण घसरतात. त्यापेक्षा गिट्टीची चुरी घ्या. तिचे कण धारदार कोनांचे असल्याने एकमेकांत अडकतात आणि रेघ टिकते. आता लहानमोठे १५ खडे पाच गटांत मांडा आणि डोळा परातीच्या काठाच्या पातळीला आणा. एका काठावर दहा ठिकाणी खुणा करून प्रत्येक ठिकाणाहून किती खडे दिसतात ते मोजा. दहाही ठिकाणांहून एक तरी खडा लपेल अशी मांडणी तुम्हांला साधते का पाहा. वाटते तितके ते सोपे नाही!

फिरण्याच्या बागेत हेच तत्त्व वाटेला लावतात. दहा एकरांची बाग चौरस धरली तर तिची एक बाजू साधारण २०० मीटर येते. वाट सरळ असती तर दर ताशी ५ किलोमीटरांच्या चालीने अडीच मिनिटांत बाग संपली असती. म्हणून वाट वळते. वळणावर झुडूप किंवा उंचवटा येतो आणि पुढचे दृश्य झाकतो. जपानी भाषेत याला ‘मिएगाकुरे’ म्हणतात. आपण त्याला दृश्याची लपाछपी म्हणू. काही ठिकाणी वाटेत सुटे दगड ठेवलेले असतात. लहान दगडांवरून जाताना पावलांकडे पाहावे लागते, मान खाली जाते. मग एक ऐसपैस दगड येतो, पाय स्थिरावतात, मान वर होते आणि नेमके त्याच ठिकाणी तळे दिसते. तुम्ही केव्हा वर पाहायचे हेसुद्धा माळ्याने आधीच ठरवलेले असते.

उसना घेतलेला डोंगर

बागेच्या हद्दीबाहेर खरा डोंगर असेल तर? मग माळी तो फुकटात बागेत घेतो. या युक्तीला ‘शाक्केई’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य, म्हणतात. कोराकुएनने ओकायामाचा किल्ला आणि मिसाओ टेकडी उसनी घेतली आहे. अडचण एवढीच असते की बाग आणि डोंगर यांच्यामध्ये घरे, तारा आणि रस्ते असतात. ते तेवढे झाकायचे आणि डोंगर झाकायचा नाही. हे कसे करावे? गणित करू.

समजा, तुमचा डोळा जमिनीपासून १.५ मीटर उंच आहे आणि १० मीटरांवर २.५ मीटर उंचीचे झुडपांचे कुंपण आहे. डोळ्यापासून कुंपणाच्या माथ्याकडे जाणारी रेषा १० मीटरांत १ मीटर चढते. हीच रेषा पुढे वाढवली तर १०० मीटरांवर ती ११.५ मीटर उंचीवर असेल. म्हणजे तेथील तीन मजली इमारत कुंपणाआड गेली. एक किलोमीटरावर ती १०१.५ मीटर उंचीवर असेल. तेथे १५० मीटर उंचीची टेकडी असेल तर तिचा वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा कुंपणावर डोकावेल. मधले गाव नाहीसे होते आणि टेकडी कुंपणाला लागून असल्यासारखी दिसते. पुण्याच्या उद्यानापासून पर्वतीची टेकडी जवळच आहे. तेथे गेलात तर कोणत्या जागेवरून कोणती टेकडी दिसते आणि शहर कोठे झाकले जाते हे जरूर शोधा.

पाणी आपली पातळी शोधते

जपानी बागेत पाणी शक्य तो आपल्या वजनानेच वाहावे असा प्रयत्न असतो. कोराकुएन बांधली तेव्हा तिचे पाणी आसाही नदीतून सुमारे ४ किलोमीटर वरच्या अंगाने पाटाने आणले होते. बागेतून वळणे घेत, तळ्यांतून फिरून ते पुन्हा नदीला मिळत असे. आता पंपाचा उपयोग करतात. तेथील ‘र्‍यूतेन’ नावाच्या मंडपाच्या तर मधूनच ओढा वाहतो आणि त्यात रंगीत दगड बसवलेले आहेत. पुण्याच्या उद्यानातील ओढ्यालाही जवळच्या कालव्याचे पाणी मिळते.

कानाझावा शहरातील ‘केनरोकुएन’ बागेत याहून मोठे नवल आहे. तेथे १६३२ साली इताया हेइशिरो याने साई नदीपासून सुमारे ११ किलोमीटर लांबीचा कालवा आणला. खोलगट भाग ओलांडून किल्ल्याच्या उंचीवर पाणी चढवायला त्याने बंद नळ वापरले. नळ खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. उगमाची पातळी वर असली की पाणी पलीकडे आपोआप चढते. याच बागेत १८६१ सालचे एक कारंजे आहे. त्याला पंप नाही. वरच्या अंगाला असलेल्या तळ्याच्या पाण्याच्या दाबाने ते सुमारे ३.५ मीटर उडते. पाणी ३.५ मीटर उंच उडायला तोंडाशी किती वेग हवा? वेगाचा वर्ग = २ × ९.८ × ३.५ = ६८.६, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. नळातील घर्षणात काही ऊर्जा खर्च होते, तेव्हा तळ्याची पातळी कारंज्याच्या टोकाहून वरच असली पाहिजे.

आमच्या भंडाऱ्याकडच्या मुलांना हे शास्त्र नवे वाटू नये. जिल्ह्यात जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या शेकड्यांनी आहेत. उताराला आडवी पाळ घालायची, पाणी अडवायचे, आणि वरच्या बांधीतून खालच्या बांधीत धुऱ्याधुऱ्याने उतरवायचे, हे काम येथल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. बोटभर पातळी चुकली तर एक बांधी बुडते आणि दुसरी कोरडी राहते. तलाव बांधणारा शेतकरी आणि कोराकुएनचा माळी एकाच नियमाचे विद्यार्थी होते.

रानडुकरांसाठी घंटा

जपानी बागेत अधूनमधून ‘टक्’ असा बांबूचा आवाज येतो. या साधनाचे नाव ‘शिशि-ओदोशी’, म्हणजे जनावरांना भिववणारे. शेतात येणारी हरणे आणि रानडुकरे हाकलायला ते निघाले. पुढे क्योटोच्या ‘शिसेन्दो’सारख्या बागांत ते शांततेचे चिन्ह झाले. ठोका वाजून विरला की मागची शांतता अधिक जाणवते, म्हणून.

ते करणे सोपे आहे. सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा, मध्यावर गाठ असलेला बांबू घ्या. पुढचे तोंड तिरपे कापा, मागचे टोक बंद राहू द्या. गाठीच्या दोन-तीन बोटे पुढे आडवे भोक पाडून त्यातून सळई ओवा. सळई दोन खुंट्यांवर अशी टेका की बांबू सहज झुलेल. मागच्या टोकाला खडा बांधून ते थोडे जड करा आणि त्याखाली एक सपाट दगड ठेवा. रिकामा बांबू मागे टेकलेला आणि तोंड वर, असा राहील. आता तोंडात पाण्याची बारीक धार सोडा.

पाणी प्रथम गाठीपाशी साठते, म्हणजे सळईच्या मागे. त्यामुळे बांबू उलट अधिकच घट्ट टेकतो. पाणी पुढे भरत गेले की गुरुत्वमध्य सळईकडे सरकू लागतो. तो सळई ओलांडून पुढे गेला की बांबू झुकतो. झुकताच आतले पाणी तोंडाकडे धावते, गुरुत्वमध्य आणखी पुढे जातो, आणि म्हणून बांबू हळूहळू न कलता झटक्यात कलंडतो. पाणी सांडले की मागचे टोक जड होऊन दगडावर आदळते: टक्! धार दुप्पट केली तर दोन ठोक्यांमधला वेळ सुमारे निम्मा होतो का, हे घड्याळ लावून पाहा. धानाच्या बांधीवर रात्रभर असे साधन चालले तर रानडुकरे किती दिवस भितात आणि केव्हा सरावतात, हाही एक चांगला अभ्यास होईल.

नंतरचा आनंद

आता त्सुदा नागातादाकडे परत येऊ. हा माणूस नुसता बागा रचणारा नव्हता. ओकायामाला आसाही नदीच्या पुराचा तडाखा बसे. पुराचे जादा पाणी शहराबाहेरून काढून देण्यासाठी ‘ह्याक्केन’ नावाचा मोठा पाट खोदला गेला, ते काम त्याचेच. समुद्र हटवून शेतजमीन तयार करण्याची कामे त्याने केली. सामान्य लोकांच्या मुलांसाठी निघालेली ‘शिझुतानी’ शाळा उभारण्यातही त्याचा मोठा हात होता. बाग झाली त्या आधीपासूनच ही कामे सुरू होती. बागेतही भातशेती ठेवलेली होती. आजही तेथे भाताचा एक तुकडा आहे आणि दरवर्षी जूनमध्ये समारंभाने रोवणी होते.

या बागेला ‘कोराकुएन’ हे नाव १८७१ साली मिळाले. ‘नंतर आनंद घेण्याची बाग’ असा त्याचा अर्थ. राज्यकर्त्याने लोकांच्या आधी काळजी करावी आणि लोकांच्या नंतर सुख घ्यावे, या चिनी विचारावरून ते ठेवले आहे. १८८४ साली ही बाग सर्व लोकांना खुली झाली.

१९३४च्या महापुरात आणि १९४५च्या बाँबहल्ल्यात तिची मोठी हानी झाली. तरी आज ती पूर्वीसारखी दिसते, कारण जुन्या काळची चित्रे आणि नकाशे शिल्लक होते. त्यांच्या आधाराने ती पुन्हा उभारता आली.

ही गोष्ट गोसीखुर्दच्या मुलांनी विशेष लक्षात घ्यावी. या धरणाचा पाया १९८८ साली घातला गेला आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी मिळावे असा त्याचा हेतू आहे. त्यासाठी अनेक गावे आपल्या जागेवरून उठली. नव्या गावठाणात वाढणाऱ्या मुलांनी जुने गाव पाहिलेले नाही. पार कोठे होता, बोडी कोणत्या अंगाला होती, नदीवर जाणारी वाट कशी वळत होती, हे आज घरातल्या आजी-आजोबांना ठाऊक आहे. आणखी काही वर्षांनी कोणाला विचाराल?

म्हणून शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. विज्ञान आणि भूगोल यांच्या तासांना मिळून हा उपक्रम घ्यावा. मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या गावाचा नकाशा काढावा. मग शाळेच्या एका कोपऱ्यात, टेबलाएवढ्या उंचीच्या ओट्यावर, १ : २०० या प्रमाणात तो दगड, माती आणि शेवाळ यांनी मांडावा. १०० मीटरांची वाट ५० सेंटिमीटर होईल, ४ मीटर उंचीची पाळ २ सेंटिमीटर. दीड मीटर उंचीवरचा डोळाही याच प्रमाणात साडेसात मिलिमीटरांवर आला पाहिजे. म्हणजे डोळा ओट्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पातळीला आणून पाहायला हवे. कागदाचा माणूस मध्ये उभा करू नये, कारण तुम्हांला आता ठाऊक आहे. ज्यांनी ते गाव पाहिले आहे त्यांना बोलवावे, बसायला खुर्ची द्यावी आणि काय चुकले आहे ते त्यांच्याकडून समजून घ्यावे. ते सांगतील तसा एकेक दगड सरकवीत जावे.